बाळाचे दचकणे आणि बाळाचा ‘सलाम’



या महिन्यात आम्ही रमजानमधील आहाराविषयी लिहिणार होतो, तसे मागच्या अंकात कबूलही केले होते. पण मध्यंतरी एका भगिनीचे पत्र आले आणि ते वाचल्यावर दुसरे काही लिहायला बसणे जमेना. पत्रात राग नाही. राग असता तर आम्हाला बरे वाटले असते.

काही महिन्यांपूर्वी याच सदरात एका प्रश्नाला आम्ही छोटेसे उत्तर दिले होते. प्रश्न असा होता की, बाळ सारखे दचकते, हात वर फेकते, घरातील मंडळी नजर लागली म्हणतात, तर काय करावे? आम्ही लिहिले की लहान बाळाचे दचकणे नैसर्गिक आहे, काही महिन्यांत ते आपोआप थांबते, घाबरू नये, गंडेदोरे करू नयेत. यात खोटे काही नव्हते. फक्त बाळ किती महिन्यांचे आहे हे आम्ही विचारले नव्हते, आणि उत्तरातही तसे काही लिहिले नव्हते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने ते उत्तर घरात सर्वांना वाचून दाखवले. तिचा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. झोपेतून उठला की त्याची मान एकदम खाली जायची, दोन्ही हात पुढे यायचे, अंग कमरेतून वाकायचे. एक-दोन सेकंद, मग सैल. थोड्या वेळाने पुन्हा तेच. असे दहा-पंधरा वेळा झाले की बाळ रडायचे आणि मग थांबायचे. बाळाची फुफी म्हणाली, “माशाअल्लाह, बघा कसा सलाम करतोय!” दादीने कौतुकाने बोटे मोडली. बाळाचे अब्बू दम्मामला कामाला. त्यांना मोबाईलवर व्हिडिओ पाठवला, त्यांनी तो खोलीतल्या सोबत्यांना दाखवला, सगळे खूश. तिच्या मनात मात्र कुठेतरी खुटखुट होती. आमचे उत्तर वाचल्यावर ती गेली.

सात आठवडे असेच गेले. तेवढ्यात बाळाचे हसणे कमी झाले. आईचा आवाज ऐकून मान वळवायचे, ते बंद झाले. साडेचार महिन्यांचे असताना कुशीवर वळू लागले होते, तेही थांबले. घरात म्हणू लागले की मुलगा आळशी आहे, बापावर गेलाय. शेवटी सर्दीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे नेले तेव्हा हिने सहज तो व्हिडिओ दाखवला. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि सर्दीचे औषध लिहायच्या आधी फोन करून त्याच दिवशी मेंदूचा आलेख म्हणजे ई.ई.जी. काढायला पाठवले. तो सलाम नव्हता, ती आकडी होती.

पत्राच्या शेवटी तिने एवढेच विचारले आहे की, दचकणे आणि हे, यातला फरक आईने ओळखायचा कसा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही तेव्हाच द्यायला हवे होते.

सुरुवात जन्मापासून करू. आपल्याकडे बाळ जन्मले की त्याच्या उजव्या कानाशी अजान दिली जाते. नवख्या बापाचा आवाज कधी जरा चढतो आणि बाळ दचकते. दोन्ही हात बाहेर फेकले जातात, मुठी उघडतात, बोटे पसरतात, मग हात हळूहळू छातीशी येतात, जणू कुणाला मिठी मारायची आहे, आणि मागोमाग रडणे. अंघोळीनंतर बाळाला खाली ठेवताना मान किंचित मागे गेली तरी हेच होते. हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी 1918 मध्ये याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर याला मोरो प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. माकडाचे पिल्लू आईच्या अंगाला घट्ट धरून असते. आई हलली, तोल गेला, की ते पकडायला धावते. आपल्या बाळाची ती मिठी त्याच जातीची असावी असे मोरो यांना वाटले होते.

बाळ हे जाणूनबुजून करत नाही. तेव्हा त्याच्या मेंदूचा वरचा भाग, ज्याच्या हुकमाने आपण हात उचलतो, चमचा धरतो, तो अजून कामाला लागलेला नसतो. घर चालवतो तो खालचा भाग. म्हणून ओठाजवळ गालाला बोट लावले की बाळ त्या बाजूला तोंड वळवते आणि दूध शोधते. तळहातावर बोट ठेवले की मूठ मिटते. ती पकड भलतीच घट्ट असते. 1891 मध्ये लुई रॉबिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी नवजात बाळांना काठी धरायला दिली, तेव्हा बहुतेक बाळे स्वतःचे वजन पेलून दहा सेकंद तरी लोंबकळली. (घरी कुणी हे करून पाहू नये. मालिश करणाऱ्या काही बायका बाळाला पाय धरून उलटे करतात, तेही करू देऊ नये.) मान एका बाजूला वळवली की त्या बाजूचा हात ताठ होतो आणि दुसरा कोपरात वाकतो, बाळ तलवारबाजाच्या पवित्र्यात दिसते. बगलेत धरून पाय जमिनीला टेकवले तर ते चालल्यासारखी पावले टाकते. हे पाहून कितीतरी घरांत ‘आमचा नातू पंधरा दिवसांचा असतानाच चालायला निघाला’ असे अकीक्याला आलेल्या पाहुण्यांना सांगितले जाते. दोन महिन्यांत ती पावले दिसेनाशी होतात आणि दादीला चिंता लागते. चिंतेचे कारण नाही. एस्थर थेलन या अमेरिकन संशोधिकेने 1980 च्या दशकात अशा बाळांचे पाय कोमट पाण्यात धरले तर पावले पुन्हा दिसू लागली. पहिल्या दोन महिन्यांत मांड्या भराभर गुबगुबीत होतात, त्या मानाने स्नायूंत बळ आलेले नसते. पाण्याने वजन उचलले की काम सोपे होते.

आता खरी गोष्ट. या सर्व क्रिया जन्मतः असाव्यात हे आपल्याला कुणीतरी सांगते. त्या वेळेवर जायलाही हव्यात हे सहसा कुणी सांगत नाही. मेंदूचा वरचा भाग जसजसा ताबा घेतो तसतशा त्या मावळतात. दचकून हात फेकणे दोन महिन्यांनंतर कमी होऊ लागते, चार महिन्यांच्या सुमारास बहुतेक गेलेले असते आणि सहा महिन्यांनंतर ते दिसायला नको. गालाला बोट लावल्यावर तोंड वळवणे चार महिन्यांच्या आसपास जाते. मुठीची आपोआप पकड आणि तलवारबाजाचा पवित्रा साधारण सहाव्या महिन्यापर्यंत. मूठ सुटली नाही तर बाळ खुळखुळा हाती घेणार कसे? दिला तर धरेल, पण सोडता येणार नाही. मान वळताच हात ताठ होत राहिला तर तो हात तोंडाकडे नेता येत नाही, कुशीवर वळणेही अडते. जुने गेल्याशिवाय नव्याला जागा होत नाही. एक क्रिया मात्र उलटी आहे. आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला धरून एकदम पुढे झुकवले की ते पडताना सावरावे तसे दोन्ही हात पुढे टाकते. ही उशिरा येते आणि जन्मभर राहते. आपण रस्त्यात ठेच लागून पडताना हाताचे तळवे खरचटतात ते हिच्यामुळेच.

म्हणून पाच महिन्यांच्या बाळाबद्दल ‘दचकते’ असा शब्द घरात उठला की तिथेच थांबायला हवे. ज्या वयात दचकणे संपत आलेले असते त्याच वयात हे नवे काहीतरी सुरू झाले असेल तर ते दचकणे नसण्याची शक्यता मोठी.

या आकडीची गोष्ट जुनी आहे आणि तिच्यात आपल्या ओळखीचा एक शब्द येतो. इंग्लंडमध्ये टनब्रिज या गावी विल्यम जेम्स वेस्ट नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या स्वतःच्या मुलाला चार महिन्यांचा असल्यापासून मान डोलवण्याचे, मग पुढे वाकण्याचे झटके येऊ लागले. वाकणे आणि सैल होणे, एका ओळीत कितीतरी वेळा. मुलगा हसेना, बघेना. त्यांनी जळवा लावून पाहिल्या, रेचके दिली, अफूही दिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी 1841 मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहिले की कुणाला यावर उपाय ठाऊक असेल तर कळवावा. त्या पत्रात त्यांनी सांगितले आहे की लंडनच्या सर चार्ल्स क्लार्क यांनी असे रुग्ण पाहिले होते आणि त्यांनी या आजाराला ‘सलाम’ झटके असे नाव दिले होते. म्हणजे सांगलीच्या फुफीला जे दिसले तेच लंडनच्या नामांकित डॉक्टरांनाही दिसले होते. बाळ वाकते ते हुबेहूब सलाम केल्यासारखेच. त्या फुफीला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आज हा आजार वेस्ट यांच्याच नावाने ओळखला जातो.

फरक कसा ओळखायचा, ते आम्ही बालरोगतज्ज्ञांशी बोलून लिहीत आहोत. दचकण्याला कारण असते. दार आपटले, भांडे पडले, मान मागे गेली. कारण एकदा, तर दचकणे एकदा. सलामाच्या झटक्याला बाहेरचे कारण नसते आणि तो एकटा येत नाही, माळ लागते. काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा, पुन्हा. वेळ बहुतेक झोपेतून उठतानाची, कधी झोप लागतानाची. प्रत्येक वेळी मान पुढे झुकते, हात उडतात, पोट आखडते. काही बाळांची मान आणि पाठ मागेही जाते. काहींत केवळ मान डोलते किंवा डोळे वर जातात, एवढे बारीक. माळ संपल्यावर बाळ रडते म्हणून घरात पोटदुखी समजतात आणि घुटी किंवा ग्राइप वॉटर सुरू होते. हे सुरू होण्याचे वय बहुधा तीन महिने ते एक वर्ष, त्यातही चौथा ते सातवा महिना. आणि सर्वांत महत्त्वाचे, बाळ जे शिकले होते ते विसरू लागते. हसणे, नजरेला नजर देणे, वळणे.

झोपेत एखादा हात-पाय फडफडणे वेगळे. पुष्कळ बाळांना तसे होते, जागे केले की थांबते आणि त्याने काही बिघडत नाही. पण ही पारख आईने किंवा आम्ही करायची नाही. मोबाईल आता प्रत्येक घरात आहे. झटके सुरू झाले की बाळाचे पूर्ण अंग दिसेल असा व्हिडिओ काढा, अंगावरची गोधडी बाजूला करा, दोन-तीन मिनिटे थांबवू नका, आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘येत्या लसीकरणाला विचारू’ असे करू नका. डॉक्टरांसमोर बाळ बहुधा शहाण्यासारखे बसते, म्हणून व्हिडिओ लागतो. ई.ई.जी. काढताना बाळाची झोप आणि जाग दोन्ही नोंदवली जावी असे डॉक्टर पाहतात, त्यामुळे वेळ लागला तर कंटाळू नये. इलाज आहे. ए.सी.टी.एच. ची इंजेक्शने, तोंडाने घ्यायचे स्टिरॉइड, किंवा व्हायगॅबॅट्रिन नावाचे औषध. स्टिरॉइडचे नाव ऐकून नातेवाईक घाबरवतात. ते औषध मनाने बंद करणे धोक्याचे आहे. त्या काळात रक्तदाब तपासणे, सर्दी-तापाच्या माणसांपासून बाळाला दूर ठेवणे आणि लसी कधी द्यायच्या ते विचारणे हे करावे. इलाज जितका लवकर तितकी बाळाच्या पुढच्या वाढीला आशा अधिक. येथे महिने नव्हे, आठवडे मोजले जातात. म्हणूनच ते सात आठवडे आमच्या डोक्यातून जात नाहीत.

दम करावा की नाही, हे काही वाचक विचारतील. दुआ कुणी कुणाला बंद करू सांगत नाही. पण बाळाच्या डोक्यावर हात ठेवून दवाखान्याच्या रांगेतही दुआ पढता येते. आजारात इलाज करून घ्या असे खुद्द रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितले आहे, तेव्हा आधी तावीज आणि चाळीस दिवसांनी डॉक्टर हा क्रम कुठून आला हे आम्हाला कळत नाही.

या आजाराची कारणे अनेक. जन्मताना बाळ गुदमरणे, मेंदूची जन्मजात घडण, मेंदूचा ज्वर. कधी कारण सापडतच नाही. आपल्या देशात एक कारण ठळकपणे दिसते, ते म्हणजे पहिल्या काही दिवसांत रक्तातील साखर फार खाली जाणे. त्यावर आम्हाला जरा बोलायचे आहे. काही घरांत बाळ जन्मल्यावर ठरावीक अजाना होईपर्यंत त्याला छातीशी लावत नाहीत, आईचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकतात आणि तोवर मध चाटवतात. याला दीनचा आधार नाही. कुरआनमध्ये दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, पहिल्या दिवशी वाट पाहण्याचा कुठेही नाही. बाळाला तासाभरात छातीशी लावावे. बाळ वजनाने कमी असेल, नऊ महिन्यांच्या आधी जन्मले असेल किंवा आईला मधुमेह असेल तर उशीर आणखी धोक्याचा. आणि मध एक वर्षापर्यंत नको, त्याने लहान बाळांना बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. तहनीक करायची असेल तर ती कशी आणि कशाने, हे बाळाच्या डॉक्टरांना विचारूनच करावे.

आणखी काही खुणा लिहून ठेवतो, त्यांचा सलामाशी संबंध नसला तरी. दचकताना एकच हात उडतो आणि दुसरा पडून राहतो, असे मालिशवालीला दिसले तर तिचे ऐकावे. अवघड बाळंतपणात गळ्याजवळचे हाड मोडलेले किंवा हाताची नस ताणलेली असू शकते. अजानच्या आवाजाने, भांड्याच्या आवाजाने कधीच दचकत नसेल तर कान तपासावेत, आणि दचकते म्हणून कान चांगलेच आहेत असेही समजू नये. बाळ एक वर्षाच्या आत एकाच हाताने सगळे करते म्हणून ‘डावखुरा आहे’ असे कौतुक होते. एवढ्या लवकर हात ठरणे म्हणजे दुसऱ्या हातात काही कमी आहे का ते पाहण्याची वेळ. चार महिने झाले तरी मान सावरत नाही, सहा महिने झाले तरी मूठ उघडत नाही, अंग काठीसारखे ताठ किंवा पिठाच्या गोळ्यासारखे सैल वाटते, या गोष्टींसाठी थांबू नये. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर वय मोजताना ते दोन महिने वजा करावेत; सहा महिन्यांचे बाळ चारचे धरावे.

दुसऱ्या टोकाला, बसणे-चालणे याची फुकट धास्तीही घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, ओमान, घाना, नॉर्वे आणि अमेरिका येथील निरोगी मुलांची पाहणी करून 2006 मध्ये काही मर्यादा दिल्या. आधाराशिवाय बसणे 3.8 ते 9.2 महिने, स्वतः चालणे 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे जावेचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला आणि तुमची मुलगी पंधराव्यात, तर दोघेही ठीक. त्या पाहणीत शंभरांत चारेक मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. वॉकर मात्र घेऊ नका. त्याने चालणे लवकर येत नाही, आणि अपघात इतके होतात की कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्याच पैशात एक जाड सतरंजी घ्या. जागेपणी, कुणी समोर बसलेले असताना, बाळाला तिच्यावर पालथे खेळू द्या. झोळीत दिवसभर ठेवलेल्या बाळाला मान उचलायचे कारणच मिळत नाही. झोपवताना मात्र पाठीवरच.

पैशाची अडचण असणाऱ्यांसाठी एक माहिती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि वाढीत मागे पडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथे फिजिओथेरपी, वाचा आणि श्रवण तपासणी मोफत मिळते. आशाताई बाळाच्या घरी येतात तेव्हा त्यांना चहा देऊन वाटेला लावू नका. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळाने काय करावे याची चित्रे आहेत. ते कार्ड कपाटातून काढून त्यांच्यासमोर ठेवा आणि एकेक चित्र विचारा.

त्या भगिनीच्या मुलाचे झटके औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात थांबले. आता तो अकरा महिन्यांचा आहे. उशीला टेकवले तर बसतो, हसतो, आईच्या ओढणीचे टोक धरून ओढतो. बिनआधाराने अजून बसत नाही. पुढे किती भरून निघेल हे डॉक्टरांनी सांगितलेले नाही आणि तिनेही त्यांना पुन्हा विचारलेले नाही. दर आठवड्याला ती त्याला एस.टी.ने फिजिओथेरपीला नेते. अब्बू रमजान ईदला घरी येणार आहेत. चूक कुणाची हेही तिने पत्रात विचारले होते, आणि पुढे स्वतःच ते खोडले होते. तिची तर नाहीच. तिला खुटखुट लागली होती, ती आम्ही घालवली.

ज्यांच्याकडे तो जुना अंक असेल त्यांनी या सदरातील त्या उत्तरापुढे पेनाने एवढे लिहून घ्यावे: हे उत्तर फक्त तीन महिन्यांच्या आतील बाळासाठी आहे. बाळ त्याहून मोठे असेल तर व्हिडिओ काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अंक कुणाला वाचायला दिला असेल तर त्यांनाही कळवावे.